हळदीची जाहिरात आणि हळदीची पत

सध्यां गांवोगांवीं तरुण मंडळी शेतमालाची जाहिरात समाजमाध्यमांवर करूं लागली आहे. वडील मंडळींस हा पोरखेळ वाटतो. तरुणांस वाटतें कीं, छायाचित्र टाकलें म्हणजे गिऱ्हाईक आलेंच. आमच्या मतें दोघेही अर्धेंच पाहतात. जाहिरात आतां जवळजवळ फुकट झाली आहे, हें खरें. पण पत फुकट मिळत नाहीं, आणि लहान धंदा चालतो तो पतीवरच.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यांतलें घेऊं. समुद्रपूर तालुक्यांतील वायगांव हें गांव हळदीसाठीं इतकें प्रसिद्ध कीं, त्याच्या नांवापुढें ‘हळद्या’ असें लावण्याचा प्रघात आहे. तेथील हळदीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. मानांकनानें नांव मिळतें, गिऱ्हाईक मिळत नाहीं. हळकुंडें व्यापाऱ्याच्या ढिगांत मिसळलीं कीं तें नांव तेथेंच संपतें. नांवाचा मोबदला शेतकऱ्याच्या पदरांत पडावयाचा, तर माल त्याच्याच हातून घरोघर गेला पाहिजे.

आतां हिशेब पाहूं. ओली हळद शिजवून वाळविल्यावर सुमारें पांचवा हिस्सा उरतो. म्हणजे दहा क्विंटल ओल्या हळदीची सुमारें दोन क्विंटल सुकी हळद झाली. एका कुटुंबास वर्षाकांठीं दोन किलो पूड लागते असें धरिलें, तर शंभर घरें हा सारा माल उचलतील. शंभर घरें जोडण्यास शहरांत दुकान नको, कीं वर्तमानपत्रांत जाहिरात नको. गांवचीं मुलें नोकरीनिमित्त नागपूर-पुण्यास आहेत. त्यांच्या शेजाऱ्यांपासून आरंभ करावा.

व्हॉट्सॲपनें २०१८ सालीं लहान धंद्यांसाठीं निराळें बिनखर्ची ॲप काढलें. त्यांत माल व दर मांडून ठेवतां येतात. एकच संदेश अनेकांस धाडण्याच्या यादींत २५६ नांवें बसतात. मात्र ज्यानें आपला क्रमांक स्वतःच्या मोबाईलांत जतन केला असेल, त्यासच तो पोंचतो. हा नियम आम्हांस योग्य वाटतो. आधीं ओळख, मग विक्री, असाच त्याचा अर्थ आहे. अनोळखी गटांत तोच मजकूर पुनःपुन्हां टाकणें म्हणजे खडकावर बीं पेरणें होय. त्यापेक्षां लागवड, काढणी व शिजवणी यांचीं साधीं छायाचित्रें वेळच्या वेळीं दाखवावीं; वजन, दर व टपालखर्च स्पष्ट लिहावा. पैसे यूपीआयनें घ्यावे. पैसे घेण्यासाठीं पिन द्यावा लागत नाहीं. तो मागेल त्यास ठक समजावें.

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या नोंदवह्यांत गेलें, म्हणून एका गोष्टीचा विशेष आग्रह धरितों. मोबाईल असला तरी वही ठेवावी. गिऱ्हाईकाचें नांव, वजन, माल कोणत्या शेतांतला, पूड कोणत्या दिवशीं दळली, हें सारें तींत असावें. तक्रार आली तर ती वहीच उत्तर देईल. पुढील हंगामीं कोणास विचारावयाचें, हेंही तीच सांगेल. तसेंच मानांकनाचें नांव वापरण्यासाठीं १९९९ च्या कायद्याप्रमाणें अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते, व पूड विकणाऱ्यास २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालीं नोंदणी वा परवाना लागतो. हे कागद आधीं करावे, जाहिरात मागाहून.

बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहींत, अशी म्हण आहे. ती एकदांच्या विक्रीपुरती खरी. हुलगे गहू म्हणून विकणाऱ्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाहीं, आणि आतां तें आपली नाराजी घटकाभरांत शेंकडों लोकांस कळवूं शकतें. एकानें बाहेरची हळद मिसळली, तर कमीपणा त्या एकट्यास येत नाहीं. साऱ्या गांवाचें नांव बुडतें.

म्हणून प्रत्येकानें निरनिराळी आरोळी ठोकण्यापेक्षां आठ-दहा शेतकऱ्यांनीं मिळून एक क्रमांक, एक दर व एक वही ठेवावी, आणि मालाची पारख एकमेकांच्या देखत करावी. हळद असो, तूर असो कीं संत्रें, रीत हीच. यास पैसा थोडा लागेल, परस्परांवरील विश्वास मात्र पुष्कळ लागेल. तो आपल्यांत आहे काय, याचा विचार सभासदांनीं येत्या हंगामापूर्वीं करावा, इतकीच विनंती.