अष्टमकरांची चाल कोण राखणार?

आमच्या खर्डीकडे सप्ताह बसला की टाळ-मृदंगाच्या गजरात रात्र सरते. कीर्तन म्हणजे विठ्ठलाचेच, अशी आपली सर्वसाधारण समजूत. परंतु याच मराठी कीर्तनात अब्राहाम, योसेफ आणि मोशे यांची आख्यानेही रंगली आहेत. मुंबईच्या बेने इस्रायल समाजात ही प्रथा १८८०मध्ये सुरू झाली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे तिचे आरंभीचे प्रमुख कीर्तनकार आणि रचनाकार.

अष्टमी हे रोह्याजवळचे गाव. आडनावच कोकणची साक्ष देते. प्रार्थना हिब्रूत, घरची बोली मात्र मराठी. धर्मकथा बायामुलांच्या कानी पोचवायची, तर ती ओवी, साकी, दिंडीतूनच पोचणार, हे या मंडळींनी ओळखले. त्यांनी शेजाऱ्यांचे रूप घेतले आणि आपला देव जपला. यात कुणाचेच काही उणे झाले नाही.

१९४८मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि पुढच्या काही दशकांत हा समाज बहुतांशी तिकडे गेला. छापलेली पदे ग्रंथालयात सापडतील. पण पदावर नुसते चालीचे नाव असते, चाल असते गळ्यात. तो गळा थकला की पद मुके होते.

ठाण्यात १८७९चे सिनेगॉग आजही उभे आहे. कसारा लोकल तिथे नेते. आपल्या साहित्य संस्थांनी, आकाशवाणीने या चाली जाणत्यांकडून ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. हे उपकार नव्हेत. ठेवा मराठीचा आहे.