वॉटर पेपरचे ओरखडे

गिऱ्हाईक खूश होऊन गाडी घेऊन जाते आणि दोन धुलाईंनंतर परत येते. काळ्या बॉनेटवर उन्हात सरळ रेघा दिसतात. ‘ओरखडे परत आले,’ अशी तक्रार. ते परत आलेले नसतात, मुळात गेलेलेच नसतात. कंपाउंडातले तेल त्या चरांत भरून बसले होते, शाम्पूने ते धुऊन नेले. म्हणून पॉलिशचे मशीन खाली ठेवल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, बाजूने बॅटरी मारून पाहिल्याशिवाय किल्ली देऊ नये.

ओरखडा पुसता येत नाही. त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, उतरवावा लागतो, आणि किती उतरवायचा हे सगळ्यात खोल चर ठरवते. तो बहुधा शेवटच्या कागदाचा नसतो, आधीच्या जाड कागदाचा किंवा बादलीतल्या एखाद्या खड्याचा असतो. कंपनीच्या रंगावर क्लिअर साधारण 40 ते 50 मायक्रॉन. गेजवर 120 दिसले तरी त्यात प्रायमर आणि रंगही आला, क्लिअर किती ते साधे गेज सांगत नाही. त्यामुळे एक पास जास्त मारण्यापेक्षा एक कागद जास्त वापरावा, हे आमचे मत. P1500 नंतर P2000, मग 3000 ची फोमवाली डिस्क. दर वेळी दिशा बदलायची, म्हणजे आधीची रेघ राहिली तर डोळ्यांत भरते.

आकड्यांचाही एक घोळ आहे. आपली बरीच पोरे हा धंदा अमेरिकन व्हिडिओ पाहून शिकतात. तिथल्या जुन्या मानकात आकड्यापुढे P नसतो. त्या मानकाच्या 1000 चा कण सुमारे 9 मायक्रॉनचा, तर P1000 चा 18. कृती तिकडची आणि कागद इकडचा घेतला, की दुप्पट जाड दाण्याने क्लिअर खरवडला जातो. मग दोष मशीनला!

हा कागद मुळात अमेरिकेचाच. 1920 साली फिलाडेल्फियातल्या फ्रान्सिस ओकी नावाच्या शाईवाल्याने मिनेसोटातल्या 3एम कंपनीकडे निरनिराळ्या आकारांच्या दाण्यांचे नमुने मागितले. शाईवाल्याला दाणे कशाला, असा प्रश्न कंपनीला पडला. तो पाण्यात न विरघळणारा पॉलिश पेपर बनवत होता. कंपनीने हक्क विकत घेतले आणि 1921 मध्ये ‘वेटॉरड्राय’ बाजारात आणला. कोरड्या घिसाईची धूळ पाण्याने बसली, कागद तुंबायचा थांबला. आजही पाण्याचे काम तेच आहे, म्हणून बादली गढूळ झाल्यावर कागद बदलण्याआधी पाणी बदला.

मशीनबद्दल थोडक्यात. लोकरीचा पॅड आणि रोटरी लवकर कापते, पण मागे गोल सावल्या सोडते. त्या फोम पॅड आणि ड्युअल अ‍ॅक्शनने काढायच्या. पत्र्याला हात लावून पाहत जा, चटका बसत असेल तर थांबा. पॅड ब्रशने साफ न करता दुसऱ्या पॅनलवर जाणारा कारागीर वाळलेले कंपाउंडच घासत असतो.

खरा धोका कडांवर. तिथे क्लिअर पातळ असतो आणि पॅडचा सगळा दाब एका रेषेवर येतो. बॉनेटची धार, दरवाज्याची उभी रेघ, बंपरचा कोपरा, यांवर आधी मास्किंग टेप लावावी आणि शेवटी हाताने, हलक्या पॉलिशने ती पट्टी मिळवून घ्यावी. वॉटर पेपर आणि टेप ही भावंडेच आहेत. वेटॉरड्रायचे नमुने घेऊन सेंट पॉलच्या एका गॅरेजात गेलेल्या रिचर्ड ड्रू या 3एमच्या तरुण नोकराने तिथे पेंटरच्या शिव्या ऐकल्या. दुरंगी गाडीवर चिकटवलेला कागद ओढताना ताजा रंगही सोबत निघत होता. ड्रूने दोनेक वर्षे खटपट केली, आणि 1925 मध्ये मास्किंग टेप तयार झाली.