कोस्टा रिकात स्लॉथला हात लावायचा नाही, तरी लाखो लोक तिथं का जातात?

इन्स्टावर स्क्रोल करताना हा फोटो कधी ना कधी समोर येतोच. लांब हातांचा, गोल तोंडाचा स्लॉथ, चेहऱ्यावर कायमचं हसू आणि त्याला लहान मुलासारखं कडेवर घेतलेला पर्यटक. लोकेशन बऱ्याचदा एकच टाकलेलं असतं, कोस्टा रिका.

आता गंमत बघा. ज्या देशाचं नाव अशा फोटोखाली सर्रास चिकटवलं जातं, त्याच देशाच्या सरकारनं डिसेंबर २०१९ मध्ये ‘असले फोटो काढू नका’ म्हणून मोहीम उघडली. हॅशटॅग होता ‘स्टॉप ॲनिमल सेल्फीज’. म्हणणं साधं होतं. जंगली प्राण्याला पकडून, उचलून किंवा खायला घालून काढलेला फोटो म्हणजे त्या प्राण्याच्या हालाचा फोटो. स्लॉथचं ते हसू तर हसू नसतंच. तोंडाची ठेवण आणि केसांचा रंग यामुळे तो तसा दिसतो. भीतीनं गारठला तरी चेहरा तसाच राहणार.

(आपल्याकडच्या अस्वलाला इंग्रजीत ‘स्लॉथ बेअर’ म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. पण या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.)

तर विषय असा की, कोस्टा रिकाचा धंदाच जंगल आणि जनावरं दाखवण्याचा आहे आणि हाच देश पर्यटकाला जनावरापासून लांब ठेवतो. हे जमतं कसं आणि आता ते अवघड का होत चाललंय, हे समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं.

मध्य अमेरिकेत वर निकाराग्वा, खाली पनामा आणि मध्ये हा देश. एका बाजूला पॅसिफिक, दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्र. क्षेत्रफळ साधारण ५१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा सहावा हिस्सा. लोकसंख्या ५० लाखांच्या आसपास. १९४८ साली या देशानं स्वतःचं सैन्यच बरखास्त केलं, ही त्याची जगभर सांगितली जाणारी ओळख. दुसरी ओळख पर्यटनाची. २०१९ मध्ये इथं ३१ लाखांहून जास्त परदेशी पाहुणे आले होते.

हे सगळं पहिल्यापासून असं हिरवंगार राखलेलं होतं, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर इथं जंगलतोडीचा वेग प्रचंड होता. अमेरिकेला स्वस्त बीफ हवं होतं, म्हणून जंगल कापून गुरांसाठी कुरणं केली जात होती आणि त्यासाठी बँका कर्जही देत होत्या. १९८० च्या दशकात देशाच्या जेमतेम पाव भागावर जंगल उरलं होतं. आज हा आकडा निम्म्याच्या वर आहे.

मधल्या काळात बऱ्याच गोष्टी झाल्या, पण दोन महत्त्वाच्या. १९९६ च्या वन कायद्यानं जंगलाची जमीन दुसऱ्या वापराला काढायला बंदी घातली. आणि १९९७ पासून, ज्याच्या खासगी जमिनीवर जंगल आहे त्याला ते राखल्याबद्दल सरकार पैसे देऊ लागलं. त्यासाठी पेट्रोल-डिझेलवरच्या करातला एक हिस्सा बाजूला काढला गेला. गाडीवाल्यानं टाकी भरायची आणि त्यातले काही पैसे झाड उभं ठेवणाऱ्याला जायचे. त्यात बीफचे भावही पडले होते, म्हणजे कुरणात पूर्वीसारखी कमाई राहिली नव्हती. हेही सांगायला हवं, कारण सगळं श्रेय कायद्याला देणं बरोबर होणार नाही.

उरलेलं काम पर्यटनानं केलं. उभ्या झाडातून पैसा येतो हे गावागावात दिसू लागलं.

याचं सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे पॅसिफिक किनाऱ्यावरचं मॅन्युअल अँटोनियो. १९७२ साली झालेलं हे राष्ट्रीय उद्यान जमिनीच्या हिशोबानं अगदी छोटं आहे. पण जंगल थेट पांढऱ्या वाळूच्या समुद्रकिनाऱ्यावर उतरतं, त्यामुळे गर्दी अफाट. इथं गाईड सोबत घेतला तर त्याच्या खांद्यावर तिकाटण्यावरची एक दुर्बीण असते. तो चालता चालता थांबतो आणि पानांच्या गर्दीत कुठंतरी दुर्बीण लावतो. नुसत्या डोळ्यांना तिथं काहीच दिसत नाही. मग तो पर्यटकाचा मोबाईल मागतो, कॅमेरा दुर्बिणीच्या काचेला टेकवतो आणि स्क्रीनवर स्लॉथचं आख्खं तोंड येतं, नखांसकट.

म्हणजे व्हायरल होणारा क्लोजअप काढायला जवळ जावंच लागत नाही. स्लॉथ वर फांदीवर, माणूस खाली पायवाटेवर आणि फोटो मात्र हातभर अंतरावरून काढल्यासारखा. ही युक्ती कुणा मोठ्या संस्थेच्या अहवालातून आलेली नाही. पर्यटकाला फोटो हवाय आणि प्राण्याला त्रास द्यायचा नाही, या दोन्हींतून गाईड लोकांनी काढलेली ही वाट आहे आणि बंदीच्या पाटीपेक्षा ती जास्त काम करते.

याच उद्यानात दुसरी बाजूही दिसते. इथली पांढऱ्या तोंडाची कॅपुचिन माकडं बॅगेची चेन उघडून चिप्सचं पाकीट पळवण्यात पटाईत आहेत. महाबळेश्वर किंवा माथेरानला गेलेल्यांना हे नवीन वाटणार नाही. वर्षानुवर्षं लोकांनी लाडानं केळी आणि बिस्किटं भरवली, त्याचा हा परिणाम. आता बाहेरचं खाणं आत न्यायलाच मनाई आहे आणि गेटवर बॅगा तपासल्या जातात. उद्यान आठवड्यातून एक दिवस पूर्ण बंद ठेवतात.

दक्षिणेला ओसा द्वीपकल्पावर कोर्कोवाडो आहे, तिथं नियम आणखी कडक. १९७५ साली हे राष्ट्रीय उद्यान झालं. टपीर, लाल मकाव, चार प्रकारची माकडं, प्युमा आणि नशीब थोर असेल तर जॅग्वार. उद्यानातल्या सिरेना केंद्रापर्यंत गाडीरस्ता नाही. एक तर बोटीनं जायचं आणि गुडघाभर पाण्यात उतरायचं, नाहीतर तासन्‌तास चालत. २०१४ पासून अधिकृत गाईडशिवाय इथं आत सोडत नाहीत.

गाईडची सक्ती हा पर्यटकाला भुर्दंड वाटतो. पण त्या भागात ती रोजगार योजना आहे. १९८० च्या दशकात याच जंगलातल्या नद्यांमध्ये सोनं शोधणाऱ्यांची झुंबड उडाली होती. पात्र उकरलं जात होतं, शिकार होत होती. शेवटी सरकारला त्यांना बाहेर काढावं लागलं. नुसतं हाकललं असतं तर माणसं आज ना उद्या परत आली असती. ज्याला टपीरचा माग काढता येतो, त्याला तो माग दाखवायचे पैसे मिळू लागले, तेव्हा कुठं गणित बदललं.

कॅरिबियन बाजूचं तोर्तुगेरो ही तर याच गोष्टीची जुनी आवृत्ती. गावाच्या नावाचाच अर्थ कासवं धरणारा. इथली हिरवी समुद्री कासवं सूपसाठी परदेशात जायची. अमेरिकन शास्त्रज्ञ आर्ची कार यांनी १९५० च्या दशकापासून इथं अभ्यास केला, १९५९ मध्ये संवर्धन संस्था उभी राहिली आणि पुढं राष्ट्रीय उद्यान झालं. आज गावाचं पोट मुख्यतः कासवं बघायला येणाऱ्यांवर चालतं.

पण बघायचं कसं? रात्री, परवानाधारक गाईडबरोबर, एका गटात जास्तीत जास्त दहा जण, गडद कपडे घालून. मोबाईल नाही, कॅमेरा नाही, फ्लॅशचा तर प्रश्नच नाही. २००४ पासून यात एक सुधारणा झाली. पूर्वी गट किनाऱ्यावर कासव शोधत फिरायचे आणि त्या पायरवानंच कासवं माघारी वळायची. आता गट किनाऱ्यामागच्या वाटेवर अंधारात थांबतो. वाळूवर फक्त प्रशिक्षित ‘स्पॉटर’ फिरतात. कासवानं खड्डा खणून अंडी घालायला सुरुवात केली, की ते गाईडला कळवतात. त्या अवस्थेत कासव फारसं विचलित होत नाही. मग लाल दिव्याच्या उजेडात लोक मागच्या बाजूनं येतात, काही मिनिटं बघतात आणि परत फिरतात.

एवढ्या लांब जाऊन फोटोच काढायचा नाही, ही कल्पना आजच्या काळात वेडेपणाची वाटेल. तरी बुकिंग भरलेलं असतं.

प्राण्यांसोबत तिथं दुसरा मोठा बाजार आहे साहसी खेळांचा. झिपलाईन, नदीतलं राफ्टिंग, सर्फिंग. झिपलाईनचा उगम मजेशीर आहे. १९७० च्या दशकात डोनाल्ड पेरी नावाचे जीवशास्त्रज्ञ झाडांच्या शेंड्यांवरचं जग अभ्यासायला दोरखंडांवरून वर फिरायचे. १९९० च्या दशकात मॉन्टेव्हर्देच्या डोंगरात त्याच कल्पनेचा खेळ झाला आणि तिथून किनाऱ्यावर पसरला. निसर्गप्रेमी मंडळी झिपलाईनला नाकं मुरडतात, कारण आरडाओरडा फार. पण हिशोब करायचा तर किंचाळत तारेवरून जाणारा पर्यटक स्लॉथला मांडीवर घेणाऱ्यापेक्षा बराच परवडला. त्याला थरार हवा असतो, प्राणी नको असतो. आणि तारा बांधायला जुनी, मोठी झाडं उभी लागतात.

मग अडचण कुठं आहे?

सप्टेंबर २०१५ मधली घटना बघू. पॅसिफिक किनाऱ्यावरच, पण उत्तरेच्या कोरड्या भागात ओस्तिओनाल नावाचं गाव आहे. तिथं ऑलिव्ह रिडले कासवं एकाच वेळी हजारोंच्या संख्येनं अंडी घालायला येतात. त्याला ‘अरिबादा’ म्हणतात. त्या वेळी कासवं आली आणि त्यांच्या बरोबरीनं शेकडो माणसंही आली. कुणी कासवांच्या वाटेत उभं, कुणी सेल्फी घेतंय, काहींनी तर लहान मुलांना कासवाच्या पाठीवर बसवलं. बरीच कासवं अंडी न घालताच समुद्रात परत गेली. किनाऱ्यावर पहारेकरी होते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हे फोटो जगभर फिरले आणि मग तिथला प्रवेश आणि गाईडचे नियम आवळले गेले.

थोडक्यात, नियम कागदावर होते, ते राबवायला माणसं नव्हती.

ऑलिव्ह रिडले म्हटलं की मराठी वाचकाला वेळास आठवणारच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं हे गाव, आणि कासव तेच. फरक एवढाच की कोकणात अरिबादा होत नाही, एकेकटी मादी येते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन इथली घरटी वाचवली आणि त्यातून कासव महोत्सव उभा राहिला. पर्यटक गावातल्या घरांत राहतात, जेवणाचे पैसे घरच्या बाईच्या हातात जातात आणि पिल्लं समुद्राकडं निघाली की सगळ्यांनी दोरीच्या मागं उभं राहायचं. तोर्तुगेरोतल्या गावानं जे केलं, तेच आपल्या माणसांनी आपल्या पद्धतीनं केलंय. फरक ताकदीचा आहे. कोस्टा रिकात दोरीमागं कायदा, परवाना आणि तिकिटाचा पैसा आहे. कोकणात बऱ्याचदा चार-पाच कासवमित्र आणि त्यांचा घसा, एवढंच असतं.

आता कोस्टा रिकातही ही दोरी ताणली जातेय. तिथलं चलन कोलोन. २०२२ च्या मध्याला एका डॉलरला जवळपास ६९० कोलोन मिळायचे, पुढच्या दोन वर्षांत तो आकडा ५०० च्या घरात आला. हॉटेलवाल्यांची आणि गाईडची कमाई डॉलरमध्ये, पण पगार, वीजबिल आणि किराणा कोलोनमध्ये. पर्यटक तेवढेच आले तरी हातात पैसे कमी. त्यातच गुन्हेगारी वाढली. कोकेनच्या तस्करीतल्या टोळीयुद्धांमुळं २०२३ मध्ये देशात ९०० हून जास्त खून झाले, हा तोवरचा उच्चांक होता. तस्करीचा मोठा मार्ग कॅरिबियन बाजूच्या लिमोन प्रांतातून जातो आणि तोर्तुगेरो त्याच प्रांतात येतं. पर्यटक सहसा यात सापडत नाही, पण बातमी वाचून बुकिंग मात्र रद्द करतो.

कमाई आटली की पहिला दबाव संख्येवर येतो. रोजची तिकिटं वाढवा, आणखी एक बोट सोडा, दहाच्या गटात बारा घ्या. प्रत्येक मागणी वेगळी घेतली तर रास्तच वाटते, कारण मागणारा माणूस बहुतेक वेळा स्थानिकच असतो आणि त्याच्या घरचा हप्ता थकलेला असतो. बाहेरून येऊन ‘निसर्ग वाचवा’ म्हणणाऱ्याला हे पटकन दिसत नाही. पण दहा माणसं शांत राहिली म्हणून कासव थांबतं, वीस झाली की निघून जातं, आणि कासव निघून गेलं की बोटवाल्याचं दुकानही बंद.

दुसरा दबाव जमिनीचा. उद्यानाच्या आत झाड तोडता येत नाही, पण बाहेर व्हिला, रस्ते आणि विजेच्या तारा वाढताहेत. स्लॉथ आणि माकडं झाडावरून झाडावर जाताना उघड्या तारा धरतात आणि शॉक लागून मरतात. रस्त्यावरून दोरांचे पूल बांधून हे थोडं थांबवलं जातंय. यातली काही घरं ‘जंगलात राहण्याचा अनुभव’ म्हणूनच भाड्यानं दिली जातात, हा त्यातला विनोद.

ख्रिसमसच्या सुट्टीत कोस्टा रिका गाठणाऱ्या अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी कामाची माहिती एवढीच. पावसाचा त्रास पॅसिफिक बाजूला डिसेंबर ते एप्रिल या काळात कमी असतो. तोर्तुगेरोत हिरवी कासवं मात्र जुलै ते ऑक्टोबर या काळात येतात, त्यामुळे नाताळात ती दिसणार नाहीत. मॅन्युअल अँटोनियो मंगळवारी बंद असतं आणि तिकीट आधीच ऑनलाइन काढावं लागतं. गेटच्या अलीकडं रस्त्यात गाडी अडवून ‘पार्किंग इथंच’ म्हणणारे, गाईड असल्याचं सांगणारे लोक भेटतात. त्यांच्याकडं अधिकृत गाईडचं ओळखपत्र मागायचं. आणि कुणी पैसे घेऊन स्लॉथ हातात देत असेल, तर तो प्राणी कुठून आणला, हेही विचारायचं.