घाम किती गाळावा?

लातूर आणि नांदेड येथे दरवर्षी हजारो मुले-मुली शिकायला येतात. सकाळी कॉलेज, दुपारी शिकवणी, रात्री अभ्यास. सतत बसून पाठ दुखते, भूक मंदावते. म्हणून व्यायाम हवाच. पण कोणता?

मोठ्या शहरांत आता ‘हॉट योगा’ आला आहे. कोलकात्यात जन्मलेल्या बिक्रम चौधरी यांनी तो १९७० च्या दशकात अमेरिकेत रुजवला. सुमारे ४० अंशांपर्यंत तापवलेल्या खोलीत ९० मिनिटे २६ आसने आणि श्वासाचे व्यायाम करायचे. थंड देशात ही ऊब बरी वाटत असेल. आपल्याकडे मात्र मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीची तर भट्टीच होते. मग खोली मुद्दाम कशाला तापवायची?

खूप घाम आला की वजन घटल्यासारखे वाटते. पण घटते ते अंगातले पाणी. पाणी आणि क्षार कमी झाले की चक्कर येते. उष्णता फार वाढली तर उष्माघात होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाण्याचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको.

माझे मत साधे आहे. फज्रच्या नमाजनंतर, पहाटेच्या गारव्यात वीस मिनिटे भरभर चाला. सतरंजीएवढ्या जागेत ताडासन, भुजंगासन करा. पुरेसे पाणी प्या, पुरेशी झोप घ्या. थेंबे थेंबे तळे साचे; आरोग्यही तसेच, रोजच्या थोड्या व्यायामाने साचते.