काटक शरीर आणि हृदयविकार : एका समजुतीची तपासणी

हृदयविकार हा शहरी सुखवस्तूपणाचा रोग असून खेड्यातील कष्टाचे जिणे, भाकरी-कालवणाचे साधे जेवण आणि मोकळी हवा ही त्यावरील कवचकुंडले आहेत, हे मत मराठी समाजात इतके मुरलेले आहे की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. हे मत निव्वळ भोळेपणातून उपजलेले नाही, हे प्रथम मान्य करावयास हवे. ऐंशीच्या दशकात दिल्ली शहर आणि लगतची खेडी यांची तुलना झाली तेव्हा हृद्‌रोहिणीविकार, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या अरुंद होण्याचा आजार, शहरात पुष्कळच अधिक आढळला होता. लठ्ठपणा आणि मधुमेह यांचे प्रमाण आजही शहरातच जास्त आहे. पूर्वपक्ष एवढ्यापुरता खरा आहे. मात्र धोका जेथे अधिक तेथे मृत्यूही अधिक, हे जे अनुमान त्यात गृहीत धरलेले असते, ते पुराव्यापुढे टिकत नाही.

भारतासह १७ देशांतील दीड लाखाहून अधिक लोकांच्या दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, आहार इत्यादींचा एकत्रित धोका मोजला असता तो शहरी वस्त्यांत अधिक भरला. परंतु हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना दर हजारी दर वर्षी शहरांत ४.८३, तर ग्रामीण भागांत ६.२५ इतक्या घडल्या आणि अशा घटनांनंतर दगावणाऱ्यांचे प्रमाणही शहरांत १३.५२ टक्के, तर खेड्यांत १७.२५ टक्के होते. भारतापुरते पाहिले तर २००० ते २०१५ या काळातील मृत्यूंच्या अभ्यासात (प्रकाशन २०१८) ग्रामीण भागातील हृद्‌रोहिणीविकाराचा मृत्युदर झपाट्याने वाढत जाऊन त्याने शहरी दराला मागे टाकल्याचे दिसले. हा अभ्यास मौखिक शवचिकित्सेवर, म्हणजे मृत्यूपूर्वीची लक्षणे घरच्यांना विचारून कारण ठरविण्याच्या पद्धतीवर आधारलेला होता. ही पद्धत निर्दोष नाही. पण जेथे बहुसंख्य माणसे घरीच, डॉक्टरच्या नजरेआड मरतात, तेथे दुसरा मार्गही नाही. आपल्याला हृदयविकार आहे हे आधीपासून ठाऊक असलेल्या मृतांपैकी निम्म्याहून अधिक जण नियमित औषध घेत नव्हते, ही त्यातील नोंद सर्वांत बोलकी आहे.

आता सवयींकडे वळता येईल. अंगमेहनतीने वजन आणि साखर आटोक्यात राहण्यास मदत होते हे खरे, परंतु घामावाटे तंबाखूचा परिणाम वाहून जात नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर बिनधुराचा तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. सकाळची मिश्री, कामाच्या मध्ये मळलेला तंबाखू-चुना, दाढेखाली धरलेला बार, या गोष्टी व्यसनांत मोजल्याच जात नाहीत. बावन्न देशांत झालेल्या अभ्यासात केवळ तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही हृदयविकाराच्या झटक्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला. निकोटीन तोंडाच्या आवरणातून रक्तात उतरते आणि नाडीची गती व रक्तदाब वाढविते. पुडीवर चित्र मात्र कर्करोगाचे असते, त्यामुळे चघळणारा फार तर आरशात तोंड तपासतो, दाब मोजून घेत नाही. साध्या जेवणाचेही असेच आहे. डाळ-भाजी बेताची असली की भाकरी ठेचा, लोणचे, पापड किंवा कोकणात खारवलेली मासळी यांच्या आधाराने खाल्ली जाते आणि जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दिवसाला पाच ग्रॅम मिठाची मर्यादा सहज ओलांडली जाते. गडचिरोलीतील ८६ गावांच्या पाहणीत १४.३ टक्के, म्हणजे सातांपैकी एक मृत्यू पक्षाघाताने झालेला आढळला. पक्षाघात आणि हृदयविकार यांचे एक मोठे मूळ उच्च रक्तदाब हेच आहे आणि गडचिरोलीला सुखवस्तू कोणी म्हणणार नाही.

याच्या भरीला वेळेचा प्रश्न आहे. वाहिनीत गुठळी अडकली की पुढचा स्नायू मरू लागतो. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांत मिळाले तर त्यातील बराच भाग वाचतो. छातीतील कळ पित्ताची किंवा गॅसची समजून ओवा आणि सोडा घेण्यात हेच तास जातात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात धावते आणि अँजिओप्लास्टीचा खर्च शासकीय योजनेतून भागू शकतो, पण योजनेने अंतर कमी होत नाही.

यावरून कोणी उलट टोकाला जाऊन, सवयी गौण असून सारा प्रश्न इस्पितळांचा आहे, असे म्हणेल तर तेही चूकच ठरेल. शहरी माणूस उपचारामुळे वाचतो, परंतु वाचलेल्याच्या हृदयाचा मेलेला स्नायू परत येत नाही. म्हणून खरा सिद्धांत असा मांडावा लागतो की सवय आणि उपचार यांना जोडणारा दुवाच ग्रामीण भागात तुटलेला आहे, आणि तो जोडणे फार खर्चिक नाही : उपकेंद्रात तिशीपुढील प्रत्येकाचा दाब मोजणे, स्वस्त गोळ्या खंड न पडता महिनाभराच्या देणे, आणि ग्रामीण रुग्णालयात हृदयाचा आलेख काढून गुठळीचे इंजेक्शन तेथेच देणे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये ज्या पाच राज्यांत सुरू झाला, त्यांत महाराष्ट्रही होता. उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही. त्यामुळे साठीचा शेतकरी ‘आयुष्यात कधी गोळी घेतली नाही’ असे अभिमानाने सांगतो तेव्हा त्याने गोळी घेतलेली नाही एवढेच कळते, त्याचा दाब किती आहे हे कळत नाही.