ब्रसेल्सच्या हवेची बिअर

ब्रसेल्सच्या दक्षिण स्थानकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, आंदरलेख्त भागातल्या एका साध्या रस्त्यावर काँतियों ही ब्रूअरी आहे. 1900 साली पॉल काँतियों यांनी ती सुरू केली आणि आजही ती त्यांच्याच वंशजांच्या हातात आहे. इथे लँबिक नावाची बिअर बनते. जगभरच्या बिअरमध्ये यीस्ट मोजूनमापून घालतात. लँबिकमध्ये कुणीच काही घालत नाही. विरजण न लावता दही लागावं, तशी ही बिअर आपली आपण आंबते. मी तिथे ती चाखली तेव्हापासून चव, जागा आणि काळ यांच्या नात्याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून आज हा विषय.

आधी कृती सांगते, कारण या बिअरची चव कृतीतूनच समजते. 65 टक्के माल्ट केलेली बार्ली आणि 35 टक्के कच्चा गहू भरडून गरम पाण्यात मुरवतात. मग त्याचा गाळलेला गोड अर्क काही तास उकळत ठेवतात. त्यात हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, पडतात, पण ती ताजी नसतात, दोन-तीन वर्षं साठवून ठेवलेली असतात. जुन्या हॉप्सचा कडवटपणा आणि सुगंध ओसरलेला असतो, नको ते जिवाणू रोखण्याचा गुण मात्र टिकून असतो. उकळून झालेला सुमारे 7,500 लिटर अर्क थेट छपराखालच्या माळ्यावर चढवतात. तिथे तांब्याचा एक रुंद, उथळ हौद आहे. त्यावर झाकण नाही. भिंतींतल्या झडपा उघडतात आणि अर्क रात्रभर निवत पडतो. बाहेरच्या हवेतले, छपराच्या लाकडातले यीस्ट आणि जिवाणू रात्रीतून त्यात उतरतात. सकाळी तो लाकडी पिंपांत भरतात. काही दिवसांत पिंपाच्या तोंडातून फेस उसळून बाहेर येतो आणि तो शांत झाला की पुढची एक ते तीन वर्षं वाट पाहायची.

या काळात पिंपात सूक्ष्मजीवांच्या पाळ्या लागतात. आधी साधं यीस्ट बहुतेक साखर संपवतं. मग लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू आंबटपणा आणतात. शेवटी ब्रेटानोमायसिस हे संथ यीस्ट उरलेल्यावर ताव मारतं आणि लँबिकला तिचा खास वास देतं. या यीस्टच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात ब्रसेल्स शहराचंच नाव आहे. पिंपांच्या दालनात कोळ्यांची जाळी झाडत नाहीत. उन्हाळ्यात बिअरमध्ये मुरवायची फळं येतात, फळांमागून माशा येतात आणि कीटकनाशक इथे चालणार नाही. माशांचा बंदोबस्त कोळी करतात. हे पाहताना मला जाणवलं, की इथला माणूस कारखाना चालवत नाही, एक वसाहत सांभाळतो.

चाखण्याची सुरुवात साध्या लँबिकने होते. पिंपातून काढलेली, मातीच्या जगमधून ओतलेली. तिला फेस नाही, बुडबुडे नाहीत. रंग फिकट सोन्याचा. पहिला घोट आंबट लागतो, सरळ आंबट, आणि ‘बिअर’ या शब्दाने मनात उभं केलेलं सगळं बाजूला सारावं लागतं. दुसऱ्या घोटात लिंबाची साल आणि हिरवं सफरचंद ओळखू येतं. त्यानंतर लाकडाचा तुरटपणा, आणि अगदी शेवटी सुक्या गवताचा, किंचित गोठ्याकडे झुकणारा वास. तो त्या ब्रेटानोमायसिसचा.

मग येते ग्योझ. एक, दोन आणि तीन वर्षांची लँबिक एकत्र करून ती बाटलीत भरतात. कोवळ्या लँबिकमध्ये थोडी साखर शिल्लक असते, तिच्यावर बाटलीत पुन्हा किण्वन होतं आणि बुडबुडे तयार होतात. जुनी लँबिक वास आणि खोली देते. कुठल्या पिंपातलं किती घ्यायचं, हे चाखणारी जीभच ठरवते. जाड काचेच्या त्या बाटल्या महिनोन्‌महिने आडव्या पडून राहतात. उघडताना बाटली वेताच्या टोपलीत तशीच तिरकी ठेवून ओततात, म्हणजे तळाचा गाळ हलत नाही. ग्योझ जिभेवर सळसळते आणि घशाखाली कोरडी उतरते, गोडवा मागे ठेवत नाही. मद्यार्क पाच टक्क्यांच्या आसपासच. जुन्या ब्रसेल्समध्ये तिच्याबरोबर पाव, ताजं मऊ चीज, मुळा आणि कांद्याची पात खात. ही जोडी का जमली, हे एका घासात पटतं.

तिसरी क्रीक. लँबिकमध्ये आंबट चेरी बियांसकट मुरवतात. रंग गडद लाल, वासात बियांतून आलेली बदामाची झाक, आणि गोडपणा जवळजवळ शून्य, कारण फळाची साखर यीस्टने संपवलेली असते. इथे मला या ब्रूअरीचा खरा कणखरपणा दिसला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांची जीभ गोडाकडे वळली, तेव्हा अनेक उत्पादकांनी लँबिक गोड करून विकली. काँतियों कुटुंबाच्या जावयाने, जाँ-पिएर व्हान रॉय यांनी, ते नाकारलं. 1978 साली त्यांनी चालू ब्रूअरीच संग्रहालय म्हणून लोकांना खुली केली. ही चव का आंबट आहे हे लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. ब्रसेल्समधल्या लँबिकच्या ब्रूअऱ्या एकामागून एक बंद पडत गेल्या, ही टिकली.

आज तिच्या बाटल्यांसाठी जगभरातून माणसं येतात. तरीही ती हवं तेवढं उत्पादन काढू शकत नाही. हौदातला अर्क नीट निवायला रात्रीचं तापमान साधारण 8 अंशांच्या खाली लागतं. म्हणून ऑक्टोबर ते एप्रिल एवढाच हंगाम. 2015 च्या नोव्हेंबरात रात्री इतक्या उबदार राहिल्या, की काम थांबवावं लागलं. यंत्राने अर्क थंड करणं सोपं आहे, पण मग ती लँबिक राहत नाही. हवामान बदलाची चर्चा आपण हिमनद्या आणि समुद्राच्या पातळीवरून करतो. इथे ती एका पेयाच्या हंगामाला येऊन भिडली आहे.

गोव्यात हे सगळं अगदी परकं वाटणार नाही. काजूची बोंडं तुडवून काढलेला रस तिथेही यीस्ट न घालता आंबतो, मग भाटीवर, म्हणजे मद्य गाळायच्या भट्टीवर, चढून त्याची उराक आणि फेणी होते. तिथेही हंगाम उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांचा. 2009 साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. बेल्जियमच्या बिअर संस्कृतीला 2016 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. फरक आहे तो पुढच्या पायरीचा. तिकडे एका कुटुंबाने दार उघडलं, पिंपं दाखवली, कृती समजावली आणि आंबट चवीचा अभिमान बाळगला. आपल्याकडे फेणीला अजूनही स्वस्त, उग्र म्हणून बाजूला टाकणारे पुष्कळ आहेत.

म्हणून मला मनापासून वाटतं, की भाट्यांची दारंही अशीच उघडावीत. हंगामात तिथे जावं, तुडवणी पाहावी, रस आंबताना त्याचा वास घ्यावा, बनवणाऱ्याला प्रश्न विचारावेत आणि मग चाखावं. काँतियोंने सिद्ध केलं आहे, की जागेची आणि ऋतूची अट पाळणारी छोटी ब्रूअरी चव न बदलताही जगू शकते. त्यासाठी बनवणाऱ्याचा निग्रह लागतो, आणि तितकाच, समजून पिणारा माणूस लागतो. तो दुसरा वाटा आपला आहे.