काचेची बोली आणि दुभाष्या

आताशा बहुतेक घरांत टेबलाच्या एखाद्या खणात एकदोन निवृत्त मोबाइल पडलेले असतात. एखाद्याची बॅटरी फुगलेली असते, एखाद्याचे चार्जिंगचे तोंड निखळलेले असते, तर एखादा केवळ त्याची प्रणाली जुनी झाली म्हणून अडगळीत गेलेला असतो. परंतु यांपैकी पुष्कळांचा पडदा धडधाकट असतो, आणि तो काही साधासुधा नसतो. पाच-साडेपाच इंचांच्या त्या काचेवर १०८० गुणिले १९२०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० चित्रबिंदू अथवा पिक्सेल बसविलेले असतात. दिवाणखान्यातील फुल एचडी टीव्हीवर जितके बिंदू, नेमके तितकेच या तळहाताएवढ्या काचेवर! असा पडदा पाहिला की घरातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला वाटू लागते की, ही वस्तू भंगारात का घालावयाची? संगणकाला जोडून तिचा छोटेखानी मॉनिटर का करू नये?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र तारेस तार जोडून हे काम होत नाही. संगणकातून चित्र बाहेर देणारे सॉकेट, मग ते एचडीएमआयचे असो वा डिस्प्लेपोर्टचे, एक भाषा बोलते आणि मोबाइलचा पडदा दुसरी. दोघांच्या मध्ये दुभाष्या बसवावा लागतो. आपण हैदराबादकर मराठी माणसे तर या व्यवहारात मुरलेली! घरात मराठी, बाजारात दखनी, कचेरीत तेलुगू वा इंग्रजी, असा आपला नित्यक्रम. दुभाष्याला नुसते शब्द ठाऊक असून भागत नाही, दोन्हीकडच्या रीतीही ठाऊक असाव्या लागतात, हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

प्रथम संगणकाच्या बाजूची रीत पाहू. १९८७ साली आयबीएम कंपनीने व्हीजीए ही पद्धत आणली. तीत आडवे ६४० आणि उभे ४८० बिंदू असत. पुढे १९९९ साली डीव्हीआय, डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआयची पहिली आवृत्ती आणि २००६ साली डिस्प्लेपोर्ट अशी ही परंपरा वाढत गेली. या सर्वांच्या मुळाशी एक गृहीत आहे. संगणक एका कंपनीचा असेल, मॉनिटर दुसऱ्या कंपनीचा असेल, मध्ये मीटर-दोन मीटर केबल असेल आणि दोघांनी एकमेकांना पूर्वी कधी पाहिलेले नसेल. अनोळखी माणसे भेटली की आधी ओळखपाळख होते. त्याप्रमाणे मॉनिटर जोडला जाताच तो संगणकाला आपले ओळखपत्र दाखवितो. यालाच ईडीआयडी म्हणतात. व्हेसा या मानके ठरविणाऱ्या संस्थेने १९९४ साली त्याचा आराखडा प्रसिद्ध केला. अवघ्या १२८ बाइटांच्या या मूळ मजकुरात मॉनिटर कोणी बनविला, त्याला किती बिंदू आहेत, चित्र सेकंदाला किती वेळा पाठवावे, हे सारे लिहिलेले असते. संगणक ते वाचतो आणि त्याप्रमाणे चित्र पाठवू लागतो.

मोबाइलच्या पोटातील संसार याहून निराळा आहे. तेथे मुख्य चिप आणि पडदा यांची गाठ कारखान्यातच कायमची बांधलेली असते. दोहोंमधील अंतर मीटरांत मोजावयाचे नसते, ते काही सेंटिमीटरच भरते. तेथे खरी चिंता असते ती बॅटरी किती पुरेल याची. ही गरज ओळखून २००३ साली स्थापन झालेल्या मिपी अलायन्स या संघटनेने डीएसआय नावाची पद्धत सिद्ध केली. तिच्या सर्वांत रूढ प्रकारात तारांची एक जोडी ठेका धरण्यासाठी असते, आणि एक ते चार जोड्या प्रत्यक्ष मजकूर वाहण्यासाठी. वेगाने वाहताना तारांवरील विजेचा चढउतार जेमतेम एकपंचमांश व्होल्ट असतो. त्यामुळे वीज फार थोडी लागते. अशा पडद्यापाशी संगणकाला दाखविण्याजोगे ओळखपत्र नसते. घरच्या माणसाला ओळख कोण विचारणार? मुख्य चिपला तो जन्मापासून ठाऊक असतो. हाच पडदा संगणकापुढे ठेवला की त्याची स्थिती दाखल्याविना परगावी गेलेल्या माणसासारखी होते.

दुसरी अडचण त्याला जागे करण्याची. मॉनिटरला वीज आणि चित्र मिळाले की तो उजळतो. मोबाइलचा पडदा मात्र वीज मिळूनही निद्रिस्त राहतो. त्याला ठराविक क्रमाने आज्ञा द्याव्या लागतात. त्यांतील दोन आज्ञा सर्वत्र सारख्या आहेत. सोळाच्या पटीतील अंकगणितात लिहिलेली ११ ही आज्ञा ‘झोपेतून ऊठ’ असे सांगते. मग बहुधा १२० मिलिसेकंद थांबावयाचे आणि २९ ही आज्ञा द्यावयाची. तिचा अर्थ ‘चित्र दाखव’. परंतु पुष्कळ पडद्यांच्या बाबतीत या दोन आज्ञांच्या आधी आणखी कित्येक आकडे पाठवावे लागतात. कोणत्या बिंदूला किती व्होल्ट द्यावयाचे, रंगांची चढण कशी ठेवावयाची, यांविषयीचे ते आकडे प्रत्येक पडद्याचे स्वतंत्र असतात. ते ज्या माहितीपत्रकात छापलेले असतात, ते कारखानदार बहुधा गुप्ततेचा करार केल्यावाचून कोणाच्या हाती देत नाही. एक आकडा चुकला तर चित्र फिकट येते, थरथरते किंवा मुळीच येत नाही.

तिसरी गोष्ट वेगाची. २०१० साली आलेल्या आयफोन ४ च्या साडेतीन इंची पडद्यावर ६४० गुणिले ९६० बिंदू होते. २०१४ साली एलजी कंपनीच्या जी ३ या फोनावर साडेपाच इंचांत १४४० गुणिले २५६० बिंदू मावले. आणि २०१५ साली सोनीने तेवढ्याच काचेवर २१६० गुणिले ३८४० बिंदू बसवून दाखविले. जी ३ च्या जातीच्या पडद्याचा हिशेब करून पाहू. ३६ लाख ८६ हजार ४०० बिंदू, प्रत्येकाचे रंग सांगण्यासाठी २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रे. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे ५ अब्ज ३० कोटी बिट होतात. एका जोडीतून सेकंदाला एक अब्ज बिट जातात असे धरले तर चार जोड्यांना हा भार पेलत नाही. म्हणून अशा पडद्यांना चार-चार जोड्यांचे दोन मार्ग ठेवलेले आढळतात. दुभाष्याला तेव्हा एक वाक्य ऐकून त्याचे दोन तुकडे दोन तोंडांनी एकाच वेळी, एकाच लयीत बोलावे लागतात.

चौथी अडचण ऐकावयास क्षुल्लक, परंतु प्रत्यक्षात त्रासदायक आहे. मोबाइल उभा धरावयाचा असतो, म्हणून त्याचा पडदा चित्राच्या ओळी आखूड बाजूला समांतर अशा घेतो. टीव्हीची चित्रे आडवी असतात. आडवे चित्र उभ्या पडद्यावर वळवावयाचे तर चित्राची शेवटची ओळ हाती येईपर्यंत पडद्याची पहिली ओळसुद्धा पूर्ण होत नाही. म्हणजे संपूर्ण चित्र, फुल एचडीचे धरले तर सुमारे ६२ लाख बाइट, कोठेतरी साठवून मग फिरवावे लागते. संगणक हे काम स्वतःच करू शकतो. त्याला ‘पडदा उभा आहे’ एवढे सांगितले की झाले. डीव्हीडीच्या पेटीला मात्र ते जमत नाही. तेथे स्मृती असलेला अधिक महागडा दुभाष्या लागतो. त्यासाठी बहुधा एफपीजीए, म्हणजे आतील रचना आपल्या गरजेप्रमाणे आखता येते अशी चिप वापरतात.

हे सारे वाचून कोणाला वाटेल की हा नुसता रिकामटेकड्यांचा छंद आहे. तसे नाही. २०१४ साली ऑक्युलस कंपनीने डोळ्यांवर बांधावयाच्या आभासी जगाच्या उपकरणाचा दुसरा प्रायोगिक संच विक्रीस आणला. त्याच वर्षी फेसबुकने ती कंपनी सुमारे दोनशे कोटी डॉलरांना घेतल्याचे जाहीर केले होते. जिज्ञासूंनी तो संच उघडून पाहिला, तेव्हा आत निघाला सॅमसंगच्या गॅलक्सी नोट ३ या फोनाचा ५.७ इंची पडदा, स्पर्शाच्या काचेसकट! संगणकाकडून आलेली एचडीएमआयची तार आत एका चिपला भेटत होती आणि एचडीएमआयचे डीएसआय करणारी ती चिप तोशिबा कंपनीची होती. आमच्या भाषेत दुभाष्या, तो हाच. पुढे राळेपासून वस्तू घडविणाऱ्या त्रिमितीय छपाई यंत्रांतही साडेपाच इंची मोबाइल पडदे अशाच दुभाष्यासह बसविले गेले. पडदा तेथे प्रकाशाला गाळणीसारखा अडवितो आणि जेथे प्रकाश पोचतो तेथे राळ घट्ट होते. दाताचे साचे आणि दागिन्यांचे नमुने त्यांवर घडविता येतात.

आता याच्या उलट बाजूचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. २०१२ साली ॲपलने तिसरा आयपॅड आणला. त्याच्या ९.७ इंची पडद्यावर २०४८ गुणिले १५३६ बिंदू होते, म्हणजे अनेक मोबाइलांपेक्षा अधिक. तरीही हौशी मंडळींनी तो पाहता पाहता संगणकाला जोडला. कारण काय? तर तो पडदा डीएसआयची बोली न बोलता एम्बेडेड डिस्प्लेपोर्टची बोलत होता, आणि ही पद्धत डिस्प्लेपोर्टचीच सख्खी बहीण आहे. दुभाष्याची गरजच उरली नाही. योग्य आकाराचा जोड, ३.३ व्होल्टची वीज आणि पाठीमागील दिव्यासाठी एक छोटे परिपथ, एवढ्यावर काम भागले. काच तितकीच नाजूक आणि बिंदू तितकेच दाट, तरी एक पडदा दुसऱ्या जन्मास लागतो आणि दुसरा भंगारात जातो. या दोहोंतील भेद काचेच्या गुणांत शोधू नये. एकाची भाषा चारचौघांत प्रसिद्ध आहे आणि दुसऱ्याची बोली कुलूपबंद, एवढाच तो भेद आहे.

हे कुलूप थोडेबहुत उघडले गेले, त्याचे श्रेय एका परवान्याला द्यावे लागेल. अँड्रॉइड फोनांच्या गाभ्याशी लिनक्स आहे आणि लिनक्सचा गाभा जीपीएल नावाच्या परवान्याखाली वाटला जातो. त्याची अट अशी की, जो कोणी हा गाभा बदलून आपल्या वस्तूतून विकेल, त्याने बदललेला मजकूरही ग्राहकाला उपलब्ध करून दिला पाहिजे. फोन बनविणाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात पडद्यांना जागे करणाऱ्या आकड्यांच्या याद्याही ओघाने आल्या. गुप्त माहितीपत्रकाला जे मिळाले नसते, ते अशा रीतीने जिज्ञासूंच्या हाती राजमार्गाने आले. ज्ञान वाटण्याची अट आधीच लिहून ठेवली की तिचा लाभ कोणाला, केव्हा होईल हे सांगता येत नाही.

ज्या घरांत असा प्रयोग करण्याचे घाटत असेल, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. आबिड्सच्या जगदीश मार्केटात मोबाइलचे डिस्प्ले ढिगाने दिसतात, म्हणून आधी डिस्प्ले आणि मग विचार असा क्रम ठेवू नये. प्रथम पडद्याच्या पाठीवरील क्रमांक वाचावा आणि त्याचे माहितीपत्रक अथवा आज्ञांची यादी मिळते का ते पाहावे. ती मिळत नसेल तर तेथेच थांबावे. तयार मिळणारी एचडीएमआयची पाटी विशिष्ट पडद्यासाठीच भरलेली असते. एकाची पाटी दुसऱ्यास चालत नाही. जोड इतका बारीक असतो की त्याच्या दोन पायांतील अंतर मिलिमीटरच्या निम्म्याहूनही कमी भरते. साध्या डागण्याने तेथे हात घालू नये. अनेक एलसीडी पडद्यांना १.८ व्होल्टखेरीज सुमारे साडेपाच व्होल्टची धन आणि तितकीच ऋण वीज ठराविक क्रमाने लागते, आणि पाठीमागील दिव्यांच्या माळेला त्याहून कितीतरी अधिक दाब लागतो. क्रम चुकला तर पडदा कायमचा जातो. आणि फुगलेली बॅटरी कोणत्याही परिस्थितीत टोचू अथवा वाकवू नये. ती पेट घेते.

नवशिक्याने आरंभ जुन्या लॅपटॉपच्या पडद्यापासून करावा, हे उत्तम. त्याच्यापाशी बहुधा स्वतःचे ओळखपत्र असते, त्याची भाषा प्रसिद्ध आहे आणि त्यासाठी लागणारी पाटी सहज मिळते. तेथे हात बसला, म्हणजे मोबाइलच्या काचेकडे वळावे. निव्वळ पैशाचा हिशेब केला तर तयार छोटा मॉनिटर पुष्कळदा स्वस्त पडेल. हा प्रयोग शिकण्यासाठी करावयाचा, काटकसरीसाठी नव्हे, हे पालकांनी आणि मुलांनी आधीच आपसांत बोलून घ्यावे.

आपल्या देशात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आणि जुन्या उपकरणांच्या पुनश्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली. हे स्वागतार्ह आहे. परंतु पुनश्चक्रीकरण म्हणजे वस्तू मोडून तिच्यातील धातू आणि काच परत मिळविणे. चालू स्थितीतील पडदा मोडून त्याची काच करणे म्हणजे शिवलेला सदरा उसवून त्याचे सूत काढण्यासारखे होय. तो पडदा आहे तसाच दुसऱ्या कामी यावा, असे वाटत असेल तर केवळ कचरा गोळा करून भागणार नाही. फोनाचे उत्पादन बंद झाले की त्याच्या पडद्याला जागे करणारे आकडे उत्पादकाने खुले करावेत, एवढी मागणी ग्राहकांनी केली पाहिजे. तीस त्यासाठी नवा कारखाना काढावा लागत नाही, की नवी काच ओतावी लागत नाही. एक-दोन पानांचा मजकूर प्रसिद्ध केला की पुरे.